चित्रातील पक्षी कसा वाचावा: नवख्या रसिकासाठी काही पायऱ्या

लामणदिव्याच्या साखळीवर बसलेला पितळी पक्षी आपल्यापैकी अनेकांनी आजोळच्या देवघरात पाहिलेला असतो. तो मोर की हंस, असे विचारले तर एकाच घरात दोन उत्तरे मिळतात, आणि तो तिथे का बसवला असे विचारले तर “शुभ असतो” एवढ्यावर विषय मिटतो. संग्रहालयातही थोडेफार असेच घडते. चित्रात पक्षी दिसतो, फलकावर त्याचा उल्लेख नसतो, मग आपण मोबाइलवर एखादी यादी शोधतो: मोर म्हणजे अमरत्व, घुबड म्हणजे शहाणपण, कबुतर म्हणजे शांतता. या याद्या सरसकट खोट्या नसतात, पण चित्रासमोर उभे राहिल्यावर त्यांचा उपयोग फार थोडा होतो, कारण अथेन्सच्या नाण्यावरचे घुबड आणि मराठी माणसाच्या तोंडची ‘घुबड’ ही शिवी यांची बेरीज कोणत्याही यादीला करता येत नाही.

पक्षी कोणता आहे, तो काय करतो आहे, त्या लोकांच्या भाषेत त्याला काय म्हणतात आणि ते चित्र कुणी कशासाठी करवून घेतले, या चार प्रश्नांतून चित्रातल्या पक्ष्याचा अर्थ हाती लागतो. पुढील पायऱ्या साधारण याच क्रमाने दिल्या आहेत. नवख्याने हा क्रम मोडू नये. अर्थाकडे थेट उडी मारण्याचा मोह सगळ्यांनाच होतो आणि तिथेच चूक होते.

पहिली पायरी: आधी पक्षी ओळखावा

हे काम सोपे वाटते, पण तसे ते नाही. ‘हंस’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लांब वळणदार मानेचा, पांढराशुभ्र, तळ्यात तरंगणारा पक्षी येतो. ही प्रतिमा बव्हंशी युरोपीय चित्रांच्या वळणाची आहे. राजा रविवर्मा यांनी १८९९ साली दमयंतीशी बोलणारा हंस रंगवला तो असाच, आणि १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्याच्या तसबिरी घरोघरी गेल्यामुळे देवादिकांचे आणि त्यांच्या वाहनांचे तेच रूप आपल्या मनात पक्के झाले. जुन्या भारतीय कलेतला हंस मात्र वेगळा दिसतो. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात हंसजातकाची कथा रंगवलेली आहे आणि २ क्रमांकाच्या लेण्याच्या छतावर हंसांची रांग चालली आहे. तिथली भरीव अंगे आणि जाड चोची नीट पाहिल्या तर हे पक्षी कादंबाच्या (इंग्रजीत ‘गूज’) कुळातले आहेत हे ध्यानात येते. अनेक अभ्यासकांच्या मते प्राचीन वाङ्मयातला आणि शिल्पांतला हंस म्हणजे मुख्यतः पट्टकादंब. हाच पक्षी हिवाळ्यात भिगवणला आणि नांदूर मध्यमेश्वरला उतरतो.

ही ओळख केवळ पक्षिनिरीक्षकांच्या हौसेपुरती नाही. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो, ऋतू सरला की पुन्हा ओलांडून जातो, कुठल्याच तळ्याला स्वतःचे घर समजत नाही. संन्याशाला ‘परमहंस’ का म्हटले, देहात येऊन पुन्हा निघून जाणाऱ्या आत्म्याला ‘हंस’ का म्हटले, हे त्या प्रवासाकडे पाहिल्यावर उमगते. बागेतल्या तळ्यात वर्षभर तरंगणारा पांढरा पक्षी डोळ्यांपुढे ठेवला तर नीरक्षीरविवेक तेवढा उरतो आणि प्रवास निसटतो.

ओळख पटवताना चोच, पाय, मान आणि तुरा या चार गोष्टी वहीत टिपून ठेवाव्यात, कारण रंग फसवतो: जुने रंग उडतात, पितळेला रंगच नसतो. बगळा, करकोचा आणि क्रौंच (इंग्रजीत ‘क्रेन’) यांची मराठीत आपण बरीच सरमिसळ करतो, तीही टाळावी. लामणदिव्यावरच्या पक्ष्याचा निकाल बहुधा तुऱ्यावरून आणि शेपटीवरून लागतो. मी स्वतः घरातल्या दिव्यावरच्या पक्ष्याला अनेक वर्षे हंस म्हणत होतो. एकदा चिंच लावून घासायला बसलो तेव्हा काजळीखालून डोक्यावरचा झिजलेला तुरा हाताला लागला.

दुसरी पायरी: पक्षी कुठे आहे आणि काय करतो आहे ते पाहावे

फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात राफाएलचे एक चित्र आहे, १५०५–०६ च्या सुमाराचे, एका मित्राच्या लग्नाची भेट म्हणून केलेले. हिरव्या माळावर मेरी बसली आहे, तिच्या गुडघ्यांशी दोन लहान मुले आहेत. बाल योहानने (येशूला पुढे बाप्तिस्मा देणारा संत) हातात धरलेला एक चिमुकला पक्षी पुढे केला आहे आणि बाल येशू त्याच्या डोक्यावरून हात फिरवतो आहे. प्रथमदर्शनी हे लेकरांचे खेळणे वाटते, आणि त्या काळी इटलीत मुले अशा पक्ष्यांशी खरोखर खेळतही असत. पण पक्षी गोल्डफिंच आहे. त्याच्या तोंडाभोवती तांबडा डाग असतो आणि तो काटेरी झुडपांतले बी वेचून खातो. येशूच्या मस्तकावरील काटेरी मुकुटातला काटा याने चोचीने उपसला आणि त्याच्या रक्ताचा थेंब याच्या तोंडावर पडला, अशी आख्यायिका ख्रिस्ती युरोपात रूढ होती. त्यामुळे योहान जे पुढे करतो आहे ते खेळणे आहे आणि पुढच्या मरणाची खूणही आहे. मेरीची खाली झुकलेली नजर त्यानंतर वेगळी दिसू लागते.

यानंतर हेग येथील मॉरिट्सहाउस संग्रहालयातले कारेल फाब्रित्सियस याचे १६५४ चे चित्र पाहावे. पक्षी तोच, तांबड्या तोंडाचा आणि पंखावर पिवळी पट्टी असलेला, पण इथे ना मेरी आहे ना येशू. पांढऱ्या गिलाव्याची भिंत, तिच्यावर दाण्यांची पेटी, पेटीभोवतीच्या कडीला बारीक साखळीने बांधलेला पक्षी. डच भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थ ‘पाणी शेंदणारा’ असा होतो, कारण अंगुस्तान्याएवढ्या बादलीने भांड्यातले पाणी ओढून घ्यायला पाळीव गोल्डफिंचला शिकवत असत. इथे काट्यांचा मुकुट शोधणे ही ओढाताण ठरेल. दीडशे वर्षांच्या अंतराने त्याच पक्ष्याने जुना अर्थ खांद्यावरून उतरवून ठेवला आहे, आणि हे आपल्याला त्याच्या जागेवरून कळते: एकदा तो मुलांच्या हातात होता, आता तो भिंतीवर साखळीला आहे.

कधी नुसत्या पवित्र्यावरूनच निर्णय होतो. पिल्लांच्या घोळक्यात उभा राहून स्वतःच्याच छातीत चोच खुपसणारा मोठा पक्षी दिसला, तर तो कितीही हंसासारखा किंवा गरुडासारखा काढलेला असो, तो पेलिकन असतो. स्वतःच्या रक्तावर पिल्ले जगवणारा, म्हणून ख्रिस्ताच्या बलिदानाची खूण. मध्ययुगीन चित्रकारांपैकी अनेकांनी खरा पेलिकन कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे चोचीखालची पिशवी शोधत बसू नये. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालयात चांदीच्या पूजासाहित्यात हा पेलिकन पाहता येतो.

तिसरी पायरी: त्यांच्या भाषेतले नाव उच्चारून पाहावे

ही पायरी नवखे सर्वांत जास्त वेळा गाळतात, आणि पूर्व आशियाची चित्रे त्यामुळेच त्यांना ‘नुसती सुंदर’ वाटत राहतात.

चिनी चित्रांत आणि चिनी मातीच्या भांड्यांवर आलुबुखाऱ्याच्या जातीच्या फुललेल्या फांदीवर बसलेला काळा-पांढरा, लांब शेपटीचा पक्षी वारंवार दिसतो. तो मॅगपाय, आपला दयाळ नव्हे, जरी काळ्या-पांढऱ्या रंगामुळे पटकन तसे वाटते. त्याच्या चिनी नावातला पहिला उच्चार ‘शी’ आणि त्याच अक्षराचा अर्थ ‘आनंद’. त्या झाडाचे नाव ‘मेइ’ आणि भुवईलाही ‘मेइ’च म्हणतात. आनंद भुवईच्या टोकापर्यंत चढला, अशा अर्थाचा चिनी वाक्प्रचार आहे. फांदीच्या शेंड्यावर बसलेला मॅगपाय म्हणजे तो वाक्प्रचार जसाच्या तसा काढून दाखवलेला. ज्याला श्लेष माहीत आहे त्या मराठी वाचकाला हा खेळ समजावून सांगायला नको, फक्त तो चित्रात खेळला जातो हे ठाऊक असायला हवे.

याहून गमतीचा आहे बगळा. कमळांच्या तळ्यात एकटा उभा असलेला बगळा पाहिला की आपल्याला हटकून बकध्यान आठवते: डोळे मिटलेला ढोंगी तपस्वी, पंचतंत्रातला मासे फसवून खाणारा आणि शेवटी खेकड्याच्या नांगीत मान गमावणारा. चिनी घरात हेच चित्र मुलाच्या अभ्यासाच्या खोलीत शोभले असते. बगळ्याच्या नावाचा ‘लू’ हा उच्चार ‘वाट’ या शब्दाच्या उच्चाराशी जुळतो आणि कमळाचा ‘लिएन’ हा उच्चार ‘एकापाठोपाठ एक’ या अर्थाच्या शब्दाशी. म्हणून एक बगळा आणि कमळे मिळून ‘वाटेतल्या साऱ्या परीक्षा एकामागून एक उत्तीर्ण हो’ असा आशीर्वाद होतो. शाही परीक्षांवर ज्या समाजात नोकरी, प्रतिष्ठा आणि घराण्याचे नाव अवलंबून होते, तिथे हा बगळा किती मोलाचा असेल याची कल्पना स्पर्धा परीक्षांच्या पुण्यात राहणाऱ्यांना सहज येईल. चित्र टक लावून कितीही वेळ पाहिले असते तरी हा अर्थ सापडला नसता. तो कानाने सापडतो.

फारसी परंपरेतही असाच एक शब्दखेळ मोठ्या अर्थाच्या मुळाशी आहे. अत्तार या बाराव्या शतकातील सूफी कवीच्या काव्यात जगभरचे पक्षी हुदहुद्याच्या मागोमाग त्यांचा राजा सीमुर्ग याच्या शोधात निघतात, आणि शेवटी पोहोचतात ते फक्त तीस. ‘सी’ म्हणजे तीस, ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी. ज्याला शोधत होते तो सीमुर्ग म्हणजे ते स्वतःच. सुमारे १६०० मध्ये हबीबुल्लाह याने या काव्यासाठी रंगवलेले पक्ष्यांच्या सभेचे पान न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मोर, पोपट, कोंबडा, करकोचा अशी सगळी मंडळी जमली आहेत. त्यांतून उजवीकडे खडकावर बसलेला, तुरेवाला, लहानसा हुदहुद्या शोधून काढणे हा नवख्यासाठी चांगला सराव आहे, कारण सभेचा पुढारी तोच आहे आणि चित्रकाराने त्याला मोठा काढलेला नाही.

इजिप्तमध्ये तर पक्षी हे अक्षरच आहे. थडग्यांवरील लेखांत सूर्याच्या गोलाशेजारी बदक दिसले की तळ्याचे दृश्य समजू नये. बदकाच्या चिन्हाचा उच्चार ‘पुत्र’ या शब्दासाठी वापरला जाई, आणि दोन्ही मिळून राजाची ‘रा देवाचा पुत्र’ ही उपाधी होते.

चौथी पायरी: चित्र कुणी, कशासाठी करवून घेतले ते विचारावे

सोंग घराण्याचा चिनी सम्राट हुइत्सोंग हा स्वतः उत्तम चित्रकार होता. १११२ साली राजधानीच्या राजवाड्याच्या दरवाजावर क्रौंचांचा थवा घिरट्या घालू लागला, आणि त्या घटनेचे रेशमावर केलेले चित्र त्याच्या नावावर आहे. ते आज चीनच्या ल्याओनिंग प्रांताच्या संग्रहालयात जपलेले आहे. निळसर आभाळात १८ क्रौंच उडत आहेत आणि छपराच्या दोन टोकांवर एकेक उतरला आहे. खाली ढगांत अर्धवट बुडालेली छपरे एवढीच काय ती इमारत दिसते. यादी पाहिली तर उत्तर मिळते की चीनमध्ये क्रौंच म्हणजे दीर्घायुष्य. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. क्रौंच हे सिद्धपुरुषांचे वाहन, सम्राट ताओ पंथाचा भक्त, आणि क्रौंच त्याच्याच दरवाजावर उतरले. म्हणजे स्वर्गाने या राज्यकारभारावर पसंतीची मोहोर उठवली, असे हे चित्र प्रजेला आणि इतिहासाला सांगते आहे. पंधरा वर्षांनी, ११२७ मध्ये, उत्तरेकडील जुर्चेन सैन्याने ती राजधानी जिंकली आणि हुइत्सोंग कैदेत गेला. शुभशकुनाचे चित्र खरे ठरलेच पाहिजे असे काही नसते. ते कुणाला हवे होते, एवढे मात्र त्यातून कळते.

पुढे मिंग आणि छिंग काळात चिनी मुलकी अधिकाऱ्यांच्या अंगरख्यावर छातीशी चौकोनी भरतकाम असे आणि त्यातल्या पक्ष्यावरून हुद्दा कळे. पहिल्या श्रेणीला क्रौंच. छिंग काळात तिसऱ्या श्रेणीला मोर, आठव्याला लावा, आणि नवव्या, सगळ्यांत खालच्या श्रेणीला स्वर्गीय नर्तक. आपल्याकडे ज्या मोराला सरस्वती आणि कार्तिकेय यांच्याजवळ जागा आहे, तो तिथे तिसऱ्या पायरीवरचा सरकारी नोकर आहे, हे पाहून गंमत वाटते.

शांततेचे कबुतरही याच पायरीवर तपासावे. बायबलमधल्या नोहाच्या कथेतले ऑलिव्हची डहाळी आणणारे कबुतर जुने आहे, पण भिंतीवरच्या पोस्टरवर ते आले १९४९ साली, पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी पिकासोच्या शिळाछापातून. छापातला पक्षी चित्रकार मातिस याने भेट दिलेला एक पाळीव कबुतर होता, चोचीत डहाळी वगैरे काही नव्हते. परिषद साम्यवाद्यांच्या पुढाकाराची होती, म्हणून विरोधकांनी थोड्याच काळात त्या कबुतराचा रणगाडा केलेले पोस्टर काढले. एकच पक्षी, एकच शहर, आणि अर्थ एकमेकांवर तोफ डागणारे.

जिथे पक्षी राज्यचिन्हावर असतो तिथे आणखी एक काम करावे: पिसे मोजावीत. इंडोनेशियाच्या चिन्हावरील गरुडाच्या प्रत्येक पंखात १७, शेपटीत ८ आणि मानेवर ४५ पिसे आहेत, म्हणजे १७ ऑगस्ट १९४५, स्वातंत्र्याच्या घोषणेचा दिवस. पंढरपूरच्या गरुडखांबाला मिठी मारणाऱ्या वारकऱ्याचा गरुड आणि हा मोजून घडवलेला गरुड मुळात एकाच घरचे, पण आता त्यांची कामे निराळी आहेत.

पाचवी पायरी: स्वतःचा अर्थ दाराबाहेर ठेवावा

आपण रिकाम्या डोक्याने संग्रहालयात जात नाही. मराठी घरात वाढलेल्याला कावळा पिंडाशी दिसतो आणि पाहुण्यांची वर्दी देतानाही दिसतो. घुबड छपरावर बसले तर घरातली मोठी माणसे अस्वस्थ होतात. हे ओझे चुकीचे नाही, फक्त ते दुसऱ्याच्या चित्रावर लादू नये. अथेन्सच्या चांदीच्या नाण्यावर समोर पाहणारे, मोठ्या डोळ्यांचे घुबड आहे, शेजारी ऑलिव्हची डहाळी. अथीना देवीचा तो पक्षी ग्रीसच्या आजच्या १ युरोच्या नाण्यावर पुन्हा आला आहे. बाजारातला व्यापारी ते नाणे हातात घेई तेव्हा त्याला शहाणपणापेक्षा आधी अथेन्सचा शिक्का आणि चांदीचा कस आठवत असणार, असे मला वाटते.

‘अमुक संस्कृतीत अमुक अर्थ’ हे वाक्यही तारखेशिवाय लिहू नये. चीनमध्ये घुबड पुढे अपशकुनी मानले गेले, म्हणून ते तिथे नेहमीच तसे होते असे समजणाऱ्याने आन्यांग येथे १९७६ साली उघडलेल्या फू हाओ या राणीच्या थडग्याकडे पाहावे: इसवी सनपूर्व १२०० च्या सुमाराच्या त्या थडग्यात घुबडाच्या आकाराची कांस्याची मद्यपात्रांची जोडी निघाली, ऐटीत उभी, छाती पुढे काढलेली. राणीसोबत पुरायला कुणी अपशकुन निवडणार नाही. युरोपातल्या मोराचेही तसेच: प्राचीन ख्रिस्ती शवपेट्यांवर तो अमरत्वाची खूण म्हणून येतो, काही शतकांनी तोच गर्विष्ठपणाचे उदाहरण होतो.

सहावी पायरी: पक्षी केवळ पक्षी असण्याची मुभा ठेवावी

वरच्या पाच पायऱ्या चढलेल्या माणसाला प्रत्येक चिमणीत गूढ दिसू लागते, त्यावर उतारा म्हणून ही पायरी. १६१२ साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून काही दुर्मीळ प्राणी घेऊन दरबारात आला. त्यांत अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या जहाजांनी आलेला टर्की होता. बादशहाने आपल्या आठवणींत त्याचे डोके, गळ्याखालची झालर आणि क्षणाक्षणाला बदलणारे रंग यांचे कुतूहलाने वर्णन केले आणि नुसत्या वर्णनावर न थांबता चित्रे काढवून घेतली. मन्सूर या चित्रकाराने काढलेला टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्याची सुरकुतलेली निळी-तांबडी मान पाहावी, पायांवरचे खवले पाहावेत. या पक्ष्याला हिंदुस्थानात कथा नव्हती, देव नव्हता, म्हण नव्हती. मन्सूरला त्याचा अर्थ सांगायचा नव्हता. जे कुणी पाहिले नाही ते जसेच्या तसे दाखवायचे होते. दूरदेशीचा पक्षी आपल्या दरबारात आहे हे मिरवणे बादशहाला अर्थातच आवडले असणार, पण तो अर्थ चित्राच्या असण्याचा आहे, टर्कीचा नव्हे.

सराव कुठे करावा

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय सुरुवातीला सर्वांत सोयीचे, कारण तिथले दिवे आणि अडकित्ते आपल्याच घरांतून आलेले आहेत आणि त्यांच्यावर पक्षी भरपूर आहेत. त्यानंतर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी आणि जपानी वस्तूंच्या दालनात जावे. टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या त्या वस्तूंवर तिसरी पायरी वापरून पाहता येते. एका दिवसात तीनपेक्षा जास्त पक्षी घेऊ नयेत. वहीत डावीकडे फक्त डोळ्यांना दिसलेले लिहावे, उजवीकडे नंतर वाचून कळलेले, आणि दोन्हींची शाई वेगळी ठेवावी. वर्षभराने डावी बाजूच जास्त उपयोगी पडते.

घरातल्या घरात सराव करायचा असेल तर कपाटातली पैठणी काढावी. पदरावर बांगडी मोर असेल तर गोल बांगडीच्या आकारात फिरलेले मोर मोजावेत. काठावर हिरवा पक्षी असेल तर त्याची चोच पाहावी. विणकर त्याला ‘मुनिया’ म्हणतात. मुनिया हा खरे तर दाणे टिपणारा, चिमणीएवढा पक्षी, आणि काठावरचा तर सरळ सरळ पोपट आहे. येवल्याला जाणे झाले तर मागावर बसलेल्या माणसाला या पक्ष्याचा अर्थ विचारू नये, त्याचे नाव आणि तो विणायला किती धोटे लागतात ते विचारावे.